टाक्यांनंतरचे दिवस : अन्न, दारिद्र्य आणि जखमेचं भरणं

इंग्लंडच्या जॉर्ज ॲन्सनची जहाजं १७४० साली स्पेनशी लढायला पॅसिफिक महासागराकडे निघाली, तेव्हा त्यांवर भरती केलेल्यांत कितीतरी म्हातारे, निवृत्त सैनिक होते. केप हॉर्नला वळसा घालताना स्कर्व्हीने जहाजांवर थैमान घातलं. या मोहिमेचा वृत्तांत १७४८ मध्ये छापला गेला. त्यात अशाच एका सैनिकाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी, १६९० साली, आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखमा तेव्हाच भरल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने त्या व्रणांसकट काढलं. स्कर्व्ही अंगात भिनला तशा त्याच जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. त्याच नोंदीत फार पूर्वी मोडून नीट जुळलेलं एक हाड पुन्हा सुटल्याचाही उल्लेख आहे.

या नोंदीचा अर्थ लागायला पुढची जवळजवळ दोनशे वर्षं जावी लागली. व्रण ज्या कोलॅजनच्या तंतूंनी बनतो, ते तंतू शरीर सतत मोडत आणि नव्याने घडवत असतं. तंतू मजबूत व्हायचा तर त्याच्या घडणीत क जीवनसत्त्व आणि लोह लागतं. स्कर्व्हीत होतं तसा क जीवनसत्त्वाचा पुरवठा आटला की मोडणं चालू राहतं आणि घडवणं थांबतं. अर्ध्या शतकापूर्वीचा व्रणसुद्धा असा रोजच्या जेवणावर टिकून असतो. मग कालच्या ऑपरेशनची जखम जेवणावर किती अवलंबून असेल, आणि ते जेवण ज्या घरातून यायचं त्या घराच्या मिळकतीवर किती, हा प्रश्न जखमेचं भरणं आणि पोषण यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेच्या मुळाशी आहे. शल्यचिकित्सेचे विद्यार्थी, परिचारिका, आहारतज्ज्ञ, सरकारी इस्पितळांतले समाजसेवा अधीक्षक, गावातल्या आशाताई, अशा ज्यांना ज्यांना या प्रश्नात शिरायचं आहे, त्या सर्वांचं इथे मनापासून स्वागत आहे. या विषयाला एकाच शाखेचा माणूस पुरत नाही. सर्जन आतडं जोडतो. त्या रोग्याच्या घरी आठवड्यात किती डाळ शिजते हे सर्जनला ठाऊक नसतं, आशाताईला ठाऊक असतं.

आधी जखम जवळून पाहू. पोटाची शस्त्रक्रिया झाली की पहिल्या तीन-चार दिवसांत पांढऱ्या पेशी जखमेत उतरतात, जंतू आणि मेलेल्या पेशी खाऊन जागा साफ करतात. मागोमाग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात, कोलॅजन टाकू लागतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. उघड्या जखमेत हे डोळ्यांना दिसतं: तळ लालबुंद, दाणेदार होतो, गॉज लागला की टिपूसभर रक्त येतं. सिस्टर म्हणतात, "जखम छान लाल झालीय," आणि ते ऐकून आम्हाला बरं वाटतं. अन्नाला मोताद झालेल्या शरीरात हाच तळ फिकट, पाणचट, गुळगुळीत राहतो आणि आठवडेच्या आठवडे तसाच पडून असतो. सर्व काही सुरळीत झालं तरी तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच असते. तीन महिन्यांनी ती फार तर ८० टक्क्यांवर जाते, आणि पूर्ववत कधीच होत नाही.

तोवर पोट धरून ठेवायचं काम धागा करतो. पण धागा ज्या ऊतकात रोवलेला असतो तेच मऊ पडलं, तर धागा न तुटता ऊतक कापत बाहेर येतो. अनुभवी सिस्टरला हे सर्वांच्या आधी कळतं. साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी, वरचे टाके जागच्या जागी दिसत असताना, ड्रेसिंगचा गॉज एकाएकी फिकट गुलाबी पाण्याने भिजलेला सापडतो. पू नसतो, वास नसतो, ताप असतोच असं नाही. रोगी फार तर म्हणतो, "खोकलो तेव्हा आत काहीतरी सुटल्यासारखं झालं." ज्याला हे पाणी ओळखता येत नाही तो पट्टी बदलून पुढच्या खाटेकडे वळतो. ज्या सिस्टरला ओळखता येतं ती रोग्याला उठू देत नाही आणि ताबडतोब डॉक्टरला बोलावून घेते. कारण आतला चिवट पडदा उसवलेला असतो आणि आतडी बाहेर यायची थांबली आहेत ती केवळ वरच्या कातडीमुळे. पोट उसवण्याची कारणं अनेक: टाका घालण्यातली चूक, जंतुसंसर्ग, जोराचा खोकला, पोटाची फुगी. कुपोषण या सगळ्यांच्या जोडीला उभं असतं आणि केसपेपरवर बहुधा लिहिलं जात नाही. मला या शाखेत खेचून आणलं ते या न लिहिलेल्या कारणाने.

ते कारण पहिल्यांदा आकड्यांत मांडलं हायरम स्टडली या अमेरिकन सर्जनने. क्लीव्हलंडमध्ये पोटातल्या जुन्या अल्सरवर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचा हिशेब त्याने १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. रोगी जेमतेम ४६. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून अधिक घटलं होतं, त्यांच्यातले सुमारे ३३ टक्के दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण साधारण साडेतीन टक्के होतं. वय, हृदयाची स्थिती, ऑपरेशनचा प्रकार, ऑपरेशनला लागलेला वेळ, हे सगळं त्याने तपासून पाहिलं. घटलेल्या वजनाइतका फरक त्यांतल्या कशानेच पडत नव्हता. त्यासाठी लागला एक वजनकाटा आणि एक प्रश्न: आजारी पडण्याआधी तुमचं वजन किती होतं? नव्वद वर्षं होत आली, तरी हा प्रश्न आपल्या कित्येक वॉर्डांत विचारला जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं नाव जॉन क्रॅन्डन याचं. बॉस्टनमधल्या या तरुण सर्जनने १९३९ मध्ये स्वतःच्या आहारातून क जीवनसत्त्व पूर्ण काढून टाकलं आणि सहा महिने तसा आहार घेतला. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम एक छेद घेतला गेला. तो नेहमीसारखा भरला. सहा महिन्यांनी दुसरा छेद घेतला. या वेळी वरची कातडी मिटली, आत मात्र काहीच जुळलं नव्हतं. शिरेतून क जीवनसत्त्व द्यायला सुरुवात केल्यावर तीच जखम दहा दिवसांत व्यवस्थित भरली. प्रयोग १९४० साली छापून आला आणि वैद्यकाच्या पुस्तकांत कायमचा जाऊन बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेफील्डमध्ये, लढायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर, मांडीत छेद घेऊन असेच प्रयोग झाले आणि निष्कर्ष त्याच दिशेचे निघाले.

क्रॅन्डनचा प्रयोग वाचताना एक गोष्ट सुटू देऊ नये. तो धडधाकट, पोटभर जेवलेला माणूस होता. त्याच्याकडे फक्त एका जीवनसत्त्वाची कमतरता होती, तीही सहा महिन्यांची, आणि उपाय हाताशी तयार होता. आपल्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या रोग्याच्या शरीरात प्रथिनं, उष्मांक, लोह, जस्त, अ आणि क जीवनसत्त्व यांची टंचाई एकदमच असते, आणि बऱ्याचदा ती लहानपणापासूनची असते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी इथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था काम करते. तिथल्या फुप्फुसाच्या क्षयरोग्यांवरचा अभ्यास डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. निदानाच्या वेळी पुरुषांचं मध्यक वजन सुमारे ४२ किलो होतं आणि स्त्रियांचं ३४ किलो. हे क्षयाचे रोगी होते, शस्त्रक्रियेचे नव्हेत. पण ऑपरेशनच्या टेबलावर येणारी माणसं त्याच गावांतून, त्याच घरांतून येतात.

३४ किलोच्या शरीरात राखीव असं काय असणार? ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसनने १९३० च्या सुमारास हाडं मोडलेल्या रोग्यांची लघवी तपासली तेव्हा तिच्यातून भरपूर नायट्रोजन वाहून जात असल्याचं त्याला दिसलं. इजा झालेलं शरीर स्वतःचे स्नायू मोडून दुरुस्तीचं सामान गोळा करत होतं. ज्याचे स्नायू भरलेले आहेत त्याला हे आठवडाभर झेपतं. ज्याच्या दंडावर कातडीखाली थेट हाड लागतं, त्याचा मोडण्याजोगा स्नायू छातीचा आणि श्वासपटलाचा उरतो. मग खोकून बेडका काढण्याइतकी ताकद राहत नाही, न्यूमोनिया होतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो.

हिशेब मांडूनच पाहू. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्यावीत, असं सध्याचं मार्गदर्शन आहे. ४० किलोच्या बाईला म्हणजे ४८ ते ६० ग्रॅम. ती दिवसाला ज्वारीच्या तीन भाकरी खाते असं धरू, पीठ २०० ग्रॅम. त्यातून २० ग्रॅम प्रथिनं. पातळ वरणात किंवा आमटीत तिच्या वाट्याला ४० ग्रॅम तूरडाळ आली, हे मी सढळ हाताने धरतोय. तिचे ९ ग्रॅम. एकूण ३० च्या आत. तूट २० ते ३० ग्रॅमची. दोन अंडी आणि मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम, शेंगदाणे रोज दिले तर ती तूट बरीचशी भरून निघते. शिवाय भाकरीतल्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळ आणि अंडं पुरवतात. मात्र एकूण अन्नच अपुरं असेल तर शरीर ही महागाची प्रथिनं सरपण म्हणून जाळतं. म्हणून बाकीचं जेवण अर्धपोटी ठेवून नुसती प्रोटीन पावडर लिहून देण्याने काही साधत नाही. डबा आठ दिवसांत संपतो आणि घरच्या बाजाराच्या पैशांना खड्डा पडतो तो वेगळाच.

आता पथ्याकडे येऊ. या भागात नव्या अभ्यासकाने घाई करू नये. ऑपरेशन झालेल्या माणसाला आपल्याकडे घरोघर काय सांगितलं जातं? भात नको, पाणी सुटेल. दही-ताक नको, आंबट नको, टाके पिकतील. केळं नको. वांगं वातुळ. अंडं-मटण उष्ण, पू होईल. डाळसुद्धा नको, जड पडेल. उरतं काय, तर साबुदाण्याची खीर, पेज, चहा-बिस्किट, आणि भेटायला आलेल्यांनी आणलेलं शहाळं. सगळं मायेने दिलेलं आणि प्रथिनांच्या बाबतीत जवळजवळ कोरडं. यावर "अडाणी समजूत" असा शिक्का मारून मोकळं होणं सोपं आहे. पण सुश्रुताने सूत्रस्थानात व्रणितोपासनीय नावाचा एक पूर्ण अध्याय जखमी माणसाच्या राहण्या-खाण्याला दिला आहे. जखमेकडे पाहताना तिथे ताट आणि खोली दोन्ही वैद्याच्या कक्षेत आहेत. नवं धान्य, उडीद, तीळ यांना मनाई आहे, आणि जुन्या तांदळाच्या भाताबरोबर मांसाहाराची सोयही आहे. निषेधाची यादी घरोघर टिकली, खाऊ घालण्याचा भाग गळून गेला.

याच घरात बाळंतिणीला मात्र कसं जपतात ते पाहा. सव्वा महिना तिला जड उचलू देत नाहीत. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाजरी, तूप असा खुराक गरिबीतही कुठून ना कुठून उभा राहतो, शेजारपाजारही हातभार लावतो. म्हणजे झीज झालेलं शरीर भरून यायला खाणं, विश्रांती आणि सव्वा महिन्याची मुदत लागते, हे आपल्या समाजाला नीट ठाऊक आहे. ते ऑपरेशनच्या रोग्याला मात्र लागू होत नाही. नात्यातल्या आजीला "यांना बाळंतिणीसारखं सांभाळा, फक्त लाडवांबरोबर रोज अंडंही द्या" असं सांगितलं की ते पटकन पोचतं, हा माझ्या बरोबरीच्या अनेक सिस्टरांचा अनुभव आहे. आहाराचा छापील तक्ता तितका पोचत नाही.

इस्पितळही उपाशी ठेवण्यात मागे नसतं. रात्री बारापासून तोंडाने काही नाही, ही सूचना सगळ्यांना एकसारखी मिळते. सकाळची यादी लांबते, दुपारी चारला कळतं की आज नंबर लागणार नाही, रोगी रात्री दोन घास खातो आणि बारापासून पुन्हा उपाशी. भूल देण्याआधी घन अन्न सहा तास आणि पाण्यासारखी स्वच्छ पेयं दोन तास बंद ठेवणं बहुतेक रोग्यांना पुरतं, हे आता सर्वमान्य आहे. ऑपरेशननंतर "गॅस पास झाला का?" या प्रश्नाचं उत्तर होकारार्थी येईपर्यंत सलाइनवर ठेवण्याची रीतही अशीच जुनी. सलाइनच्या एका बाटलीत, डेक्स्ट्रोज ५ टक्के असेल तर, जेमतेम १०० उष्मांक असतात आणि प्रथिनं शून्य. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात लवकर खाऊ घालणं, लवकर चालवणं आणि वेदना नीट आटोक्यात ठेवणं यांची सांगड घातली, आणि आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम पुष्कळ कमी करून दाखवला. त्याच्याही फार आधी, १८५९ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने परिचर्येवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की अन्न मुबलक असताना केवळ ते कसं आणि कधी भरवायचं याकडे लक्ष नसल्यामुळे हजारो रोगी उपाशी राहतात. चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन डॉक्टरने १९७४ मध्ये हीच तक्रार पुन्हा मांडली. त्याच वर्षी बिस्ट्रियन आणि ब्लॅकबर्न यांनी बॉस्टनच्या एका नागरी रुग्णालयातल्या शल्यविभागात जवळपास निम्म्या रोग्यांत प्रथिनांच्या कुपोषणाची लक्षणं नोंदली. ही अमेरिकेतली गोष्ट.

इथे दोन गोष्टींपासून सावध करतो, कारण उत्साहाच्या भरात आपल्या शाखेने त्यांत बरीच वर्षं घालवली. पहिली अल्ब्युमिनची. रक्तातलं अल्ब्युमिन कमी दिसलं की "रोगी कुपोषित" असा शेरा मारायची सवय आहे. पण जंतुसंसर्ग किंवा इजा झाली की अल्ब्युमिन जेवणाचा काही संबंध नसताना घसरतं. उलट निव्वळ उपासमारीत ते पुष्कळ दिवस बऱ्यापैकी टिकतं. तो धोक्याचा इशारा जरूर समजावा, ताटाचं मोजमाप समजू नये. दुसरी हिमोग्लोबिनची. भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळलं. साहजिकच जखम न भरण्याचं खापर त्यावर फोडावंसं वाटतं. जखमांचे अभ्यासक थॉमस हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून मात्र असं दिसलं की रक्ताभिसरण चांगलं असेल तर सौम्य रक्तक्षयाने जखमेला प्राणवायू फारसा कमी पडत नाही. अंगातलं पाणी कमी होणं, थंडी वाजणं, वेदनेने रक्तवाहिन्या आवळणं, तंबाखू, हे त्याहून जास्त आड येतं. दातांना मिश्री लावणाऱ्या बाईला "तंबाखू खाता का?" विचारलं तर ती खरेपणाने नाही म्हणेल, मिश्रीबद्दल वेगळं विचारावं लागतं.

शिरेतून किंवा नळीने पोषण देण्याबद्दलही असाच संयम हवा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेतल्या पोषणाचा फायदा फक्त तीव्र कुपोषितांना झाला. इतरांना जंतुसंसर्गच जास्त झाले. आज तीव्र कुपोषित रोग्याची मोठी शस्त्रक्रिया, तातडीची नसेल तर, ७ ते १४ दिवस पुढे ढकलून आधी खाऊ घालावं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सल्ला अगदी योग्य आहे. पण तो रोजंदारीवरच्या माणसाला सांगून पाहा. ऑपरेशनच्या तारखेसाठी त्याने आधीच खाडे केलेले असतात, सोबतीला आलेल्या भावाचीही मजुरी बुडत असते. दहा दिवस थांबा म्हटलं की कित्येकजण निघून जातात आणि परत येतात ते आतडं अडकल्यावर, मध्यरात्री.

अशा ठिकाणी पोषणाचा प्रश्न दारिद्र्याच्या प्रश्नात मिसळून जातो, आणि या शाखेचा सगळ्यात कसदार, सगळ्यात कमी नांगरलेला भाग इथे सुरू होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं उदाहरण घेऊ. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. "पिशवी काढली" हे शब्द त्या भागात तिशीतल्या बाईच्या तोंडीही सहज येतात. त्या ऑपरेशनांतली गरजेची किती आणि बिनगरजेची किती, यावर रास्त गदारोळ झाला. इथे मी विचार करतोय तो ऑपरेशननंतरच्या दिवसांचा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती हंगामात, साधारण दिवाळीनंतर ते मार्च-एप्रिलपर्यंत, फेडायची असते. एक जण आजारी पडला तर कोयताच थांबतो, खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. बाईचं काम म्हणजे नवऱ्याबरोबर ऊस तोडणं, तो साळणं, मोळ्या बांधणं आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर किंवा गाडीवर चढवणं. पोटाच्या ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे जड उचलू नये, असं प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. मुकादमाच्या वहीत सहा आठवड्यांना जागा नसते. तिच्या पोटाच्या भिंतीला अजून निम्मीही ताकद आलेली नसताना मोळी डोक्यावर येते. अशा व्रणातून पुढे हर्निया उतरला, की दुसरं ऑपरेशन, दुसरं कर्ज, आणि त्या कर्जासाठी पुढच्या हंगामाची उचल.

तिच्या ताटाचाही हिशेब करावा. पहाटे चारला उठून फडात जायचं, झोपडीजवळ ना पाणी ना मोरी, जेवण म्हणजे भाकरी-चटणी, कधी कालवण. घरात वाढायची पाळी शेवटी तिचीच. ड्रेसिंगसाठी तालुक्याला जायचं तर आणखी एक खाडा. मग तीच पट्टी भिजते, वाळते, आठवडाभर तशीच राहते. अन्न, पाणी, स्वच्छता, विश्रांती आणि वेळ या पाचही गोष्टींची टंचाई एकाच जखमेवर येऊन आदळते. आपली संशोधनाची पद्धत मात्र यांतली एकेक गोष्ट सुटी करून तपासते आणि प्रत्येकीचा परिणाम "किरकोळ" निघाल्याचं सांगते.

सरकारने काहीच केलेलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे हजारो गरिबांची ऑपरेशनं बिनपैशांनी झाली. योजनेच्या पॅकेजात रोग्याचं रुग्णालयातलं जेवण धरलेलं आहे, घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेचं भाडंही आहे. पण पॅकेजची मुदत डिस्चार्जनंतर दहा दिवसांची. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ती पंधरा दिवसांची. जखमेची खरी बांधणी या मुदतीनंतरच जोरात चालते. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, ते मुख्यतः गहू-तांदूळ. गरोदर आणि स्तनदा मातांना त्याच कायद्यात वेगळा हक्क आहे, आदिवासी भागात अमृत आहार योजनेचं गरम जेवण आहे. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. बाळंतीण आणि क्षयरोगी यांच्या अन्नाची जबाबदारी आपण समाज म्हणून उचलली. पोट उघडून शिवलेल्या माणसाच्या अन्नाची उचललेली नाही.

क्षयाच्या बाबतीत अन्नाने काय फरक पडतो, याचा एक अभ्यास आपल्या शाखेने वहीत टिपून घ्यावा असा आहे. भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये रोग्यांच्या कुटुंबीयांना दरमहा धान्य-डाळीचा शिधा देऊन पाहिला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं. रोग्याला औषध तेच, घराला अन्न जास्त. इतका साधा आणि इतका धीट प्रश्न शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातही विचारता येईल: डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या पिशवीबरोबर सहा आठवड्यांची डाळ, शेंगदाणे आणि अंड्यांचे पैसे दिले, तर किती जखमा कमी चिघळतील, किती हर्निया टळतील?

असा अभ्यास उभा करताना दारिद्र्य फक्त रोग्याच्या घरातच शोधू नये. ६६ देशांतल्या साडेबारा हजार रोग्यांवरच्या ग्लोबलसर्ज पाहणीत (२०१८) पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत संसर्ग होण्याचं प्रमाण मानवी विकासात वरच्या देशांत ९.४ टक्के, मधल्या देशांत १४ टक्के आणि खालच्या देशांत २३.२ टक्के आढळलं. यात रोग्याचं कुपोषण आहे, तसं ऑपरेशन थिएटरातलं अपुरं पाणी, उशिरा पोचलेली रुग्णवाहिका आणि एका सिस्टरच्या अंगावर पडलेल्या साठ खाटाही आहेत. सगळा भार रोग्याच्या ताटावर टाकला की रुग्णालय निर्दोष ठरतं, आणि तसं ते नसतं.

आणखी एक अडचण मोजमापाची. कुपोषण ओळखण्याच्या प्रचलित पद्धती, उदाहरणार्थ डेट्स्की यांनी १९८७ मध्ये टोरांटोतून मांडलेली, धष्टपुष्ट समाजात आजाराने खंगलेल्या माणसाला हेरायला घडवलेल्या आहेत. त्यांचा पहिला प्रश्न असतो: गेल्या सहा महिन्यांत वजन किती घटलं? आयुष्यभर ३८ किलोचीच असलेली बाई उत्तर देते, "नाही, आहे तेवढंच आहे," आणि तक्त्यात ती सुस्थितीतली ठरते. वजन आधी कधी केलेलंच नसतं, हा वेगळा भाग. अशा वेळी दंडाचा घेर मोजणारी पट्टी, हाताच्या मुठीची ताकद आणि नेमका घरगुती प्रश्न जास्त सांगून जातो. लग्नातल्या बांगड्या आता कुठवर सरकतात, हे विचारावं. परकर पूर्वीच्याच गाठीवर बसतो का, घड्याळाच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं का, हेही. एका वेळच्या जेवणात घरात शेवटी कोण बसतं, हा प्रश्न तर कुठल्याच परदेशी तक्त्यात नाही.

नव्याने येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? ग्रंथालयातून केली तर स्टडलीचा १९३६ चा लेख पहिला वाचावा. तो छोटा आहे आणि त्यात एकही अवघड यंत्र नाही. जिल्हा रुग्णालयातून केली तर आधी ड्रेसिंग रूममध्ये आठ-दहा दिवस सिस्टरांच्या मागे उभं राहावं. तिथल्या नोंदवहीत ऑपरेशनची तारीख, रोग्याचं गाव, कितव्यांदा ड्रेसिंगला आला, टाके कधी काढले, हे सगळं बहुधा असतं. नसतो तो वजनाचा रकाना. पट्टीने हातानेच आखून तो एक रकाना वाढवावा, शेजारी दुसरा आखावा, "कामावर परत गेल्याची तारीख", आणि वर्षभर दोन्ही मन लावून भरावेत. तेवढ्यावरसुद्धा एखाद्या तालुक्यातल्या जखमांचा पहिला खरा अभ्यास उभा राहू शकतो.